छापलं होतं तेच मी वाचलं

मोबाईलवरच्या या पानावर लोक जे लिहितात ते माझी नात मले वाचून दाखवते. झाडाखाली बाई उभी होती, गाडी आपोआप बंद पडली, कुत्रं रडत होतं... मी दोन ओळी ऐकतो अन् म्हणतो, बंद कर. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो. त्यातली साठ वर्षं संत्र्याच्या रोपांत वाकून गेली. मसणवटीच्या बाजूच्या वावरात मी एकटा ओलित केलं, पाणी दिलं, तिथंच आंग टाकलं, तिथंच भाकर खाल्ली. मले आजवर कोणी भेटलं नाही. भूत नाही, देवही नाही. तेव्हा भुताखेताचा अनुभव सांगाले मी बसलो नाही. मी बसलो आहो कारण चार लोकांसमोर मले खोटं ठरवलं. अन् तेही काय म्हणून? म्हाताऱ्याले वाचता येत नाही म्हणून!

येते. मले वाचता येते. चौथी पास आहो. पाचवीत बापानं नाव काढलं, कारण रोपवाटिकेत हात कमी पडत होते. पण जेवढं शिकलो तेवढं पक्कं. बसची पाटी वाचतो, औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचतो. फक्त हळू वाचतो. ओळीवर बोट ठेवून वाचतो, अन् जिथं अडकतो तिथं शब्दाखाली अंगठ्याच्या नखानं खूण करतो. आमच्या धंद्यातली सवय आहे ती. कलमासाठी फांदीवरचा कोणता डोळा, म्हणजे कोंब फुटते ती गाठ, घ्यायचा, तिथं आधी नख दाबून ठेवतो आम्ही. ही नखाची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढं लागन.

हे सारं मी वहीत लिहिलं आहे अन् सानू मोबाईलवर चढवून राहिली. सानू म्हणजे सानिका, माझ्या विजयची पोरगी, सहावीत आहे. माझं एक अक्षर सुधारायचं नाही अशी ताकीद देऊन ठेवली आहे तिले.

आमची रोपवाटिका सौंसरच्या बाहेर आहे. जंभेरीचं, म्हणजे रानटी लिंबाचं, रोप वाढवायचं, त्याले चीर द्यायची, चिरीत संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची. झालं कलम. संध्याकाळी माझं पट्टी बांधणं चालू असे अन् सानू वट्ट्यावर बसून मले पुस्तक वाचून दाखवत असे. मागच्या पावसाळ्यात तिच्या नागपूरच्या मावशीनं एक जाडं पुस्तक पाठवलं. लहान पोरांसाठी आहे म्हणे! वरचं चित्रच असं का काळंभोर झाड, अन् फांद्यांच्या जागी बोटं. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर म्हणतील, म्हातारा जाहिरात करून राहिला.

विजय चिडला. "असलं काहून देतात लेकराले? झोपंत दचकन."

मी त्याच्या बाजूनं होतो. खरं सांगतो, मी तर म्हटलं का ते चुलीत घाल. पण सानूनं दोन पानं वाचली अन् मी पट्टी बांधाची विसरलो.

गोष्ट अशी. एक मुकी माळीण असते. घरात कोणी लेकरावर हात उगारून "जा, मर तिकडं" म्हटलं, का ती येते अन् त्या लेकराले घेऊन जाते. तिच्या बागेत ते लेकरू लावते, पार मानेपर्यंत मातीत. मग त्याचं झाड होते. शेकडो झाडं, एकाले पान नाही. त्यातलं एक झाड म्हणजे गोष्टीतल्या पोरीचा लहान भाऊ. भावाले ओळखलं तर सोबत नेता येते, चुकीचं झाड धरलं तर तिचंही तिथंच झाड. सगळी झाडं सारखी, अन् बोलत कोणीच नाही.

मले पहिल्या दिवसापासून त्या लिहिणाऱ्या बाईचा राग येऊन राहिला होता. म्हणे शंभर वर्षं बागेले पाणी नाही अन् झाडं उभी! शंभर दिवस ठेवून दाखव म्हटलं. पण एक गोष्ट तिनं बरोबर लिहिली होती, ती मी सानूले बोलूनही दाखवली. माळीण कोणाले चोरत नाही. घरच्यांनी फेकलेलंच उचलते. विजय म्हणे ती चेटकीण, सानूची मावशी फोनवर म्हणे ती मृत्यूचं प्रतीक. मी म्हटलं, प्रतीकबितीक मले समजत नाही, पण दोष घरच्यांचा आहे. तोंड कोणाचं सुटलं? हात कोणाचा उठला? ते पाहा ना आधी!

शेवटचं एक प्रकरण राहिलं अन् सानूले टायफाईड झाला.

सौंसरच्याच एका दवाखान्यात ठेवली होती. सहा दिवस. चौथ्या दिवशीची गोष्ट. आता इथं तुम्ही वाट पाहत असाल का मी म्हणन रात्रीचे बारा वाजले होते, लाईट गेली होती... काही नाही तसं. दुपारचे तीन. खिडकीतून ऊन येऊन राहिलं होतं, पंखा चालू, खाली पोहेवाल्याची कढई वाजून राहिली होती. सून सकाळची थांबून घरी गेली होती. सानूच्या हाताले सलाईन, डोळे असे आत गेलेले. अंग तव्यासारखं. अन् पोरगी एकच धरून बसलेली.

"आबाजी, तो घरी येते का नाही, एवढं सांगा."

"बरी हो, मग वाच."

"नाही. आता. डोळे दुखून राहिले माझे, तुम्ही वाचा."

मी म्हटलं हळू वाचतो मी. ती म्हणे, "मले कुठं जायचं आहे?"

मग मी चष्मा पुसला अन् बसलो. बाजूच्या खाटेवर रामाकोन्याची एक म्हातारी होती, अन् तिची बहीण तिच्याजवळ बसली होती. इंदूबाई. रिटायर मास्तरीण. पांढरे केस, दोरीचा चष्मा, गप्प बसणारी बाई. मोसंबी सोलून राहिली होती. मधे मधे माझं वाचणं ऐकत होती. मी दहादा अडकलो असन, पण हसली नाही. एवढं तिच्या बाजूनं सांगतो, कारण पुढं मी तिच्यावर चिडणार आहो.

आता मी काय वाचलं ते नीट सांगतो.

पोरगी भावाचं झाड ओळखते. उपटाले जाते तर मुळं खोल गेलेली. उपटलं तर मरन. मग ती माळिणीचा चाकू मागते. माळीण देते. पोरगी भावाच्या फांदीवरून एक डोळा काढते, ओल्या फडक्यात बांधते अन् घराकडं पळते. घरामागं एक रोप असते. त्याले चीर देते, डोळा बसवते अन् पट्टी बांधते. पण डोळा उलटा बसवते! टोक खाली, बूड वर!

इथं माझं डोकं फिरलं. मी दवाखान्यात आहो हे विसरलो अन् मोठ्यानं म्हटलं, "या बाईनं जन्मात कलम पाहिलं नसंन! उलटा डोळा बांधते का कोणी?"

सिस्टर आली. "काका, हळू."

"काय हळू? पोरांच्या पुस्तकात काहीही छापून राहिले!"

इंदूबाई हसल्या. "वाचा जी पुढं. पोरगी वाट पाहून राहिली."

पुढं वाचलं. पोरीच्या घरचा मोठा माणूस येते, उलटा डोळा पाहते अन् तिच्या हातावर फाडकन मारते. अन् त्याच्या खाली पोरीच्या तोंडची जी ओळ होती, तिच्यावर मी थांबलो. अडकलो नव्हतो. थांबलो. काहून ते नंतर सांगतो.

इंदूबाईंले वाटलं म्हातारा अवघड शब्दावर अटकला. त्या उठल्या, माझ्या खांद्यावरून वाकल्या, चष्मा डोळ्यावर धरला अन् त्यांनी ती ओळ वाचली. मोठ्यानं. मी नाही, त्यांनी.

"उलटा बांधला त काय झालं? त्याले वर कुठं आहे ते मालूम राह्यते."

अन् म्हणे, "बाई गं! सारं पुस्तक पुण्याच्या भाषेत, अन् ही ओळ आपल्या इकडची कशी?"

मी त्या ओळीखाली नख दाबलं. मग बाकीचं अर्धं पान वाचलं. डोळा फुटते, कोंब आधी खाली जाते, मग वळून वर येते, अन् एका सकाळी परसात भाऊ उभा असते, केसांत माती घेऊन. सानू म्हणे, "आला ना?" मी म्हटलं, "आला." ती झोपली. त्या संध्याकाळी ताप उतरला. तो औषधानं उतरला, मले कोणी चमत्कार शिकवू नका.

दिवाळी झाली. पांढुर्ण्याले एका मंडळानं पोरांसाठी कार्यक्रम ठेवला. वाचलेल्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं. सानूनं हेच पुस्तक घेतलं. पंधरा दिवस घोकलं, शेवट ऐकलेला म्हणून ते प्रकरण परत उघडलं नाही, मले रोपांत उभं करून ऐकवलं. आम्ही दोघं सकाळच्या बसनं गेलो. पांढुर्णा आता जिल्हा झाला, हॉलमधे खुर्च्यांले कपडे घातलेले. पोरगी काय बोलली! माळीण, बाग, भाऊ... अन् शेवटी म्हणे, "जो आपल्याच माणसानं हाकलला, त्याले परत आणता येते. पण उपटून नाही. बांधून." टाळ्या पडल्या. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं. धुळीचं.

परीक्षक एक मास्तर होते. गोड आवाजाचे. गोड आवाजाच्या माणसाले मी भेतो.

"बाळ, छान बोललीस. पण तू शेवटचं प्रकरण वाचलं नाहीस."

"वाचलं सर. आबाजींनी वाचून दाखवलं. मी बिमार होती."

"अस्सं. आजोबा कितवी शिकले तुझे?"

लोक हसले. मी उभा राहिलो. "चौथी. काहून?"

"रागावू नका काका. आजोबा लोक गोष्टी रंगवून सांगतातच. पण इथं स्पर्धा पुस्तकाची आहे." अन् त्यांनी स्वतःची प्रत उघडून शेवट वाचून दाखवला. त्यात पोरगी भावाले ओळखते, मुळं पाहते, रडते अन् त्याले तिथंच सोडून येते. घरी रोज त्याचं ताट वाढते. संपलं. म्हणे, "गेलेल्याला जाऊ द्यावं, हा लेखिकेचा संदेश आहे."

मी म्हटलं, "हा कसला संदेश? लेकरू मातीत सोडून यायचं अन् ताट वाढायचं? तुमची प्रत चुकीची आहे."

"मग तुमची दाखवा ना."

सानूनं पिशवीतून आमची प्रत काढली. मास्तरांनी शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. मी बोट ठेवलं. अन् वाचलं.

"तिनं फाटक ओढून घेतलं आणि मागे वळून पाहिलं नाही."

आमच्याच प्रतीत! तेच पान, कोपऱ्यावर दवाखान्यात सांडलेल्या सानूच्या गुलाबी औषधाचा डाग. चाकू नाही, डोळा नाही, काही नाही. अन् त्या फाटकाच्या ओळीखाली माझ्या नखाची खूण. खोल. जिथं दाबली होती तिथंच.

मी प्रकरणाचं पान पान उलटलं. सगळ्या खुणा जागेवर. अडकलो तिथल्या साऱ्या. फक्त वरचे शब्द वेगळे. काही खुणा तर "घर", "पाणी" असल्या शब्दांखाली. "पाणी" वाचाले अडकन का मी?

मास्तर माईकवर म्हणाले, "असो. आजोबांच्या कल्पनाशक्तीसाठी टाळ्या." वाजवल्या लोकांनी. कल्पनाशक्ती! साऱ्या जिंदगीत मी एक गोष्ट रचून सांगितली नाही. माझी पोरं गोष्ट मागत, तर मी त्यांले त्या दिवशी किती रोपं बांधली ते सांगत असे. विचारा विजयले.

पण हे सारं मी गिळलं असतं. परत येताना बसमधे जे झालं ते गिळता येत नाही. सानू खिडकीजवळ बसली होती. सौंसरचं वळण आलं तेव्हा म्हणे, "आबाजी, मी मरन असं वाटलं का तुम्हाले?"

"कोण बोललं?"

"म्हणून तुम्ही चांगला शेवट करून सांगितला का? तापात मले फक्त तुमचा आवाज आठवते. तसं असंन तर सांगा ना. मी राग नाही धरणार."

पाहा तुम्ही. अकरा वर्षांची पोरगी मले माफ करून राहिली होती. न केलेल्या गुन्ह्याची माफी! मी म्हटलं, "छापलं होतं तेच मी वाचलं." तिनं मान हलवली. तशी, जशी आपण म्हाताऱ्या माणसापुढं हलवतो. दुसऱ्या दिवसापासून वट्ट्यावर पुस्तक घेऊन यायचं तिनं बंद केलं. अभ्यास आहे म्हणे.

मी पुस्तकाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन लावला. एक पोरगी बोलली. पहिली छपाई, एकच शेवट, दुसरा कधी छापलाच नाही. अन् शेवटी म्हणे, "काका, तुमची कल्पना मात्र छान आहे हं." ठेवला मी फोन. विजय म्हणे, "बाबा, जाऊ द्या ना. लेकराच्या तापानं तुमचं डोकं ठिकाणावर नसंन." याले जन्म दिला मी!

मग आठवलं, साक्षीदार आहे ना! कार्यक्रमाच्या तिसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घातलं अन् रामाकोना गाठलं. इंदूबाईंचं घर लोकांले विचारत विचारत गेलो. त्यांनी ओळखलं. बहीण बरी आहे म्हणे. चहा ठेवला.

मी पुस्तक बाहेर काढलं नाही. आधी विचारलं, "बाई, दवाखान्यात मी काय वाचत होतो, आठवते?"

"न आठवाले काय झालं? केवढे ओरडले होते तुम्ही! उलटा डोळा बांधते का कोणी म्हणून. सिस्टर धावत आली."

"अन् मी थांबलो तेव्हा?"

"मीच तर वाचून दाखवली ओळ. उलटा बांधला त काय झालं, त्याले वर कुठं आहे ते मालूम राह्यते. बहीण तेव्हा झोपेत होती, तिलेही मागून सांगितलं मी, पुस्तकात आपली बोली आली म्हणून."

मी डोळे मिटले. म्हटलं, घ्या. मग पुस्तक काढलं अन् पान उघडून दिलं.

त्यांनी चष्मा चढवला. वाचलं. पान मागं केलं, पुढं केलं. उजेडात नेलं. खुणेवर बोट फिरवलं. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत.

"ही दुसरी प्रत आहे," म्हणे.

"डाग पाहा. तुमच्यासमोर सांडलं होतं सानूनं. तुम्हीच फडकं दिलं होतं."

त्यांनी डागावर बोट ठेवलं अन् पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "बाई, एका कागदावर एवढं लिहून द्या का तुम्ही ती ओळ या पानावर वाचली. दोन ओळी. खाली सही."

"नाही जी, दादा."

"काहून?"

"बत्तीस वर्षं शाळेत पोरांले शिकवलं मी. अंधश्रद्धा ठेवू नका म्हणून भाषणं दिली. लोक काय म्हणतील?"

"म्हणजे तुम्ही पाहिलं ते खोटं?"

"पाहिलं ते खरं. पण लिहून नाही देणार."

माझा पारा चढला. "तुम्ही शिकलेल्या! मी चौथी पास माणूस भर सभेत उभा राहिलो, अन् तुमच्यानं दोन ओळी लिहवत नाहीत? तुमच्यापेक्षा ती मुकी माळीण बरी!"

चहा न घेताच निघालो. फाटकापर्यंत आलो तर मागून आवाज आला. "दादा, तुम्ही त्या ओळीवर थांबले काहून? शब्द तर सोपे होते."

मी न सांगताच फाटक ओढून घेतलं. त्या मले खोट्या वाटल्या होत्या, अन् इथं मीच लपवत होतो. बसमधे बसून मले माझाच राग आला. आला तर आला.

त्या संध्याकाळी सानूले रोपांत बोलावलं. म्हटलं, बस. अन् जे घरात कोणाले माहीत नव्हतं ते सांगितलं. बायकोलेही कधी बोललो नव्हतो, ती बिचारी गेली.

मले एक बहीण होती. शेवंता. आम्ही शेवी म्हणत असू. मी सोळाचा, ती नऊची. बाप पोरींच्या हाती कलमाचा चाकू देत नव्हता, अन् तिले तेच पाहिजे होतं. एक दिवस बाप बाजारात गेला अन् तिनं माझा चाकू चोरला. एक रोप बांधून ठेवलं. केळीच्या सालीची पट्टी, चीर सुरेख... पण डोळा उलटा. मी पाहिलं अन् तिच्या हातावर फाडकन मारली. रोप वाया घालवलं म्हणून. तोंडानंही बोललो. काय बोललो ते सानूले सांगितलं, इथं नाही लिहीत. अन् ती हात चोळत मले म्हणे...

पुढची ओळ तुम्ही वाचली आहे. शब्द न् शब्द तीच. तिथं आम्ही दोघंच होतो. मी ती आजवर कोणाजवळ बोललो नाही, तर पुण्यात बसून लिहिणाऱ्या बाईले कोण सांगन?

पुढच्या पावसाळ्यात शेवी तापानं गेली. दोन दिवसांत. अन् तिचं ते रोप... फुटलं होतं. कोंब खाली जाऊन वळला होता, अन् वर निघाला होता. मी ते उपटलं अन् बांधावर फेकलं. वाकडं रोप कोणी घेत नाही म्हणून.

सानू ऐकत होती. मग हळूच म्हणे, "आबाजी, मग ती माळीण..."

"माळिणीचं काही नाही. ती फेकलेलं उचलते. फेकणारा मी."

थोडा वेळ ती मातीत काडीनं ओरखडत बसली. मग म्हणे, "दवाखान्यात तुम्ही खोटं नाही वाचलं."

"नाही."

"मले मालूम आहे आता. खोटं सांगाचं असतं तर तुम्ही डोळा सुलटा बांधला असता."

पाहा! ते गोड आवाजाचे मास्तर, फोनवरची पोरगी, माझा बारावी पास लेक, कोणाच्या डोक्यात आलं नाही हे. साठ वर्षं डोळे बांधणारा माणूस मनानं गोष्ट रचन अन् त्यात कलम चुकवन? मी रचली असती तर ते कलम पाहाले लोक नागपूरहून आले असते!

मी खिशातून चाकू काढला. आमच्या घरात आजवर पोरीच्या हाती दिला नव्हता. दिला. तिनं जंभेरीले चीर दिली. थोडी वाकडी. डोळा काढला. बसवताना माझ्याकडं पाहिलं अन् टोक खाली केलं. माझा हात उठला होता, सवयीनं. तो मी मागं घेऊन कमरेवर ठेवला. तिनं पट्टी बांधली.

महिन्यानं पट्टी सोडली तर डोळा हिरवा. होळीच्या आधी कोंब फुटला. दोन बोटं जमिनीकडं गेला, मग कोपरासारखा वळला अन् वर निघाला. यात काही अमानवीय नाही. कृषीवाला पोरगा मले समजावून सांगून राहिला होता का उलटा डोळाही चालते, उजेडाकडं वळते. मी म्हटलं, बेटा, मले मालूम आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून मालूम आहे.

मले जे मालूम नाही ते वेगळं. ती ओळ त्या पानावर आली कशी, अन् गेली कुठं? मी रोज दुपारी तीन वाजता खिडकीत बसून ते पान उघडून पाहतो. फाटक ओढून घेतलं, मागे वळून पाहिलं नाही. तेच. दुसरं काही येत नाही. इंदूबाईंनी अजून लिहून दिलं नाही, पण सानूले फोन केला होता. काय बोलल्या ते सानू मले सांगत नाही. त्या मंडळानंही माफी मागितली नाही. मी वाट पाहून राहिलो.

कोणी समजावून सांगत असंन तर ऐकतो. पण कल्पनाशक्ती म्हणायचं नाही. पुस्तक घरी आहे, खुणा जिथल्या तिथं आहेत. ज्याले मी खोटा वाटतो त्यानं सौंसरले यावं. आधी त्या फाटकाच्या ओळीखाली बोट फिरवून पाहावं, मग रोपवाटिकेत येऊन सानूचं वाकडं रोप पाहावं. सानू परत वट्ट्यावर वाचाले येते, ते तिच्या शेजारीच आहे.

नुसतं पाहायचं. विकाऊ नाही ते.